पृथ्वी बनताना तिथे कोण होतं?

एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी सहा वर्षांची. एका संध्याकाळी तिने विचारलं, "पृथ्वी कोणी बनवली?" आईला नीट सांगता येईना, म्हणून त्यांनी एक व्हिडिओ लावून दिला. त्यात आधी प्रचंड स्फोट, मग आगीचे लोळ, मग एका ग्रहाची पृथ्वीला धडक. तेव्हापासून मुलगी झोपताना विचारते, "परत आदळेल का?" तिचा दुसरा प्रश्न आईला आणखी अवघड वाटतो: "तेव्हा कोणीच नव्हतं, मग तुम्हाला कसं माहीत?" सासूबाई म्हणतात, देवाने बनवली एवढं सांगितलं असतं तरी भागलं असतं. नवऱ्याचं मत, या वयात हा विषय काढायलाच नको होता. बाईंचं शिक्षण वाणिज्य शाखेचं आहे. त्या विचारतात, "अर्धवट किंवा चुकीचं सांगण्यापेक्षा 'मोठी झालीस की शाळेत शिकवतील' असं म्हणून विषय बंद करावा का?"

विषय बंद करू नका. तुमच्या मुलीचा दुसरा प्रश्न, "तुम्हाला कसं माहीत?", हा या विषयातला सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे, आणि तो तिने कुणी न शिकवता विचारला आहे. त्याला "शाळेत कळेल" हे उत्तर मिळालं, तर अशा गोष्टी घरात विचारायच्या नसतात एवढंच ती शिकेल.

आपण विज्ञान शिकलो नाही म्हणून आपल्याला सांगण्याचा अधिकार नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. सहा वर्षांच्या मुलीला लागणारी गोष्ट दहा-पंधरा वाक्यांची आहे, आणि तिच्यात एकही सूत्र नाही. ती खाली दिली आहे. पण त्याआधी त्या व्हिडिओबद्दल बोलायला हवं, कारण माझ्या मते भीतीचं मूळ तिथे आहे.

महास्फोट आणि पृथ्वीचा जन्म या दोन वेगळ्या घटना आहेत. विश्वाची सुरुवात सुमारे १३ अब्ज ८० कोटी वर्षांपूर्वीची. पृथ्वी सुमारे ४ अब्ज ५४ कोटी वर्षांची. मध्ये नऊ अब्जांहून जास्त वर्षं गेली. मुलांसाठीच्या व्हिडिओंमध्ये ही दोन टोकं अर्ध्या मिनिटात जोडली जातात आणि मुलाच्या मनात एकच चित्र उरतं: मोठ्ठा धडाका झाला आणि त्यातून पृथ्वी बाहेर पडली. प्रत्यक्षात पृथ्वी विखुरलेलं साहित्य जवळ येऊन, कणाकणाने, कोट्यवधी वर्षं साठत गेली. तुम्ही फक्त एवढं एक चित्र बदललंत, स्फोटाच्या जागी गोळा होणं ठेवलंत, तरी तिच्या मनावरचा पुष्कळ भार उतरेल असं मला वाटतं.

सांगायला बसण्याआधी तिच्याकडून पृथ्वीचं चित्र काढून घ्या आणि त्यात माणसं कुठे राहतात ते दाखवायला सांगा. मी हे आग्रहाने सांगते आहे. स्टेला व्होस्नियादू आणि विल्यम ब्रूअर या संशोधकांनी १९९२ साली प्राथमिक शाळेतल्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. पृथ्वी गोल आहे असं सांगणाऱ्या मुलांपैकी काहींच्या मनात पोकळ चेंडू होता आणि माणसं त्याच्या आत सपाट जमिनीवर राहत होती. काहींच्या मनात दोन पृथ्व्या होत्या: एक पायाखालची सपाट, दुसरी वर आकाशात असलेली गोल. तुमच्या मुलीच्या मनातही असं काही असेल, तर "पृथ्वीला ग्रह धडकला" हे तिने नेमकं कशाबद्दल ऐकलं, हे आपल्याला माहीतच नाही. चित्र बघा, ऐकून घ्या, लगेच दुरुस्त करू नका. सांगायला सुरुवात कुठून करायची ते त्यावरून कळेल.

आता "कोणी बनवली?" या प्रश्नाकडे. या वयातल्या मुलांना डोंगर, तळी, सूर्य हे सगळं कुणीतरी बनवलेलं वाटतं, ही गोष्ट मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी शंभरेक वर्षांपूर्वी नोंदवली होती. मुलांच्या रोजच्या अनुभवातली बहुतेक प्रत्येक वस्तू कुणीतरी केलेली असते, तेव्हा पृथ्वीही तशीच असणार, हा त्यांचा तर्क आहे. त्यामुळे तिच्या प्रश्नातून घरात श्रद्धा विरुद्ध विज्ञान असा वाद उभा करायची गरज नाही. सासूबाईंना जे सांगायचं आहे ते त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या. तुम्ही ते खोडू नका. तुम्ही "कशी बनली?" याचं उत्तर द्या, आणि ते देताना "हे दगडांवरून आणि आकाशावरून कळलंय" असं सांगा. कोणती गोष्ट कशाच्या आधारावर उभी आहे, हे मुलं हळूहळू ओळखायला लागतात. एकाने दुसऱ्याला तिच्यासमोर खोटं पाडलं, तर मात्र तिला पृथ्वीपेक्षा घरातल्या माणसांची काळजी लागते.

ही गोष्ट. तुमच्या शब्दांत सांगा, वाचून दाखवलीत तरी चालेल.

"खूप खूप आधी, आजीच्या आजीच्याही आधी, डायनोसॉरसुद्धा नव्हते त्याच्याही खूप आधी, पृथ्वी नव्हती. सूर्यही नव्हता. अंतराळात वायूचा आणि धुळीचा एक थंड, काळोखा, भलामोठा ढग होता. त्यातला प्रत्येक कण बाकीच्या कणांना अगदी थोडं थोडं आपल्याकडे ओढत होता. ओढता ओढता ढग लहान होत गेला, दाट होत गेला आणि जोरात फिरायला लागला. मधोमध सगळ्यात जास्त वायू जमला. तो इतका दाबला गेला, इतका तापला, की चमकायला लागला. तो आपला सूर्य. थोडी धूळ आणि वायू उरले, ते सूर्याभोवती फिरत राहिले. धुळीचे कण एकमेकांना चिकटले, त्यांचे खडे झाले. खड्यांचे धोंडे झाले, धोंड्यांचे डोंगराएवढे गोळे. मोठे गोळे लहान गोळ्यांना ओढून घेत गेले, आणि त्यातला एक गोळा खूप मोठा झाला. ती आपली पृथ्वी. पहिल्यांदा ती इतकी गरम होती की दगडसुद्धा वितळलेले होते. जड लोखंड खाली खाली, अगदी मध्यापर्यंत गेलं. हलका दगड वर राहिला. मग ती हळूहळू निवली, तिच्यावर दगडाचं कवच धरलं, पाऊस पडला आणि समुद्र भरले."

एवढंच. चंद्राचा भाग मी मुद्दाम ठेवलेला नाही, तो पुढे येतो. ऐकताना ती मध्येच अडवेल, तर तिथेच थांबा आणि त्याबद्दलच बोला. गोष्ट एका बैठकीत संपलीच पाहिजे असं नाही.

यातली एक गोष्ट मुलांना विलक्षण आवडते: आपण उरलेल्या साहित्यातून झालो आहोत. सूर्यमालेतल्या एकूण वस्तुमानाचा ९९.८ टक्क्यांहून जास्त भाग सूर्यातच आहे. सगळे ग्रह, सगळे चंद्र, सगळे लघुग्रह मिळून जे काही आहे ते बाकीच्या चिमूटभर भागात बसतं.

आता एक सावधगिरी, आणि ती फक्त तुमच्यासाठी नाही, शिशुवर्गाच्या शिक्षकांसाठीही आहे. हा विषय शिकवताना मातीचे तुकडे दाबून दाबून गोळा करायचा खेळ नेहमी सुचवला जातो. मला तो इथे नको वाटतो. त्यात गोळा करणारे हात मुलाचेच असतात, त्यामुळे "कुणीतरी बनवली" ही समजूतच पक्की होते. त्याऐवजी पसरट भांड्यात पाणी घ्या, त्यावर थर्माकोलचे बारीक मणी किंवा लाकडाचा भुसा विरळ पसरा आणि हात बाजूला घेऊन बघत बसा. तरंगणारे तुकडे आपोआप एकमेकांकडे सरकतात, जोड्या होतात, जोड्यांचे पुंजके होतात. पाणी हलकेच फिरवलं तर पुंजके फिरता फिरता जमतात. हात न लावता गोष्टी जमू शकतात, हे डोळ्यांनी दिसतं. मात्र बघून झाल्यावर तिला सांगा, की इथे पाण्याच्या पृष्ठभागामुळे तुकडे जवळ आले. अंतराळात असा पाण्याचा पृष्ठभाग नव्हता, तिथली ओढ वेगळी.

तिथली सुरुवातीची ओढ कशी असेल, याची एक झलक अंतराळवीर डॉन पेटिट यांनी दाखवली होती. २००३ च्या सुमारास ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर होते. फावल्या वेळात त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत मीठ, साखर असे बारीक कण भरले, पिशवी हवेने फुगवली आणि हलवली. तरंगणारे कण बघता बघता एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके झाले. कण घासून त्यांच्यावर येणारा विद्युतभार त्यांना चिकटवतो. गोळे मोठे झाले की मग गुरुत्वाकर्षणाचं राज्य सुरू होतं. बारीक खड्यांपासून डोंगराएवढे गोळे नेमके कसे झाले, या मधल्या टप्प्यावर शास्त्रज्ञांचं काम अजून चालू आहे.

"पृथ्वी गोलच का?" हा प्रश्न येईल तेव्हा: मोठ्या गोळ्याची ओढ सगळ्या बाजूंनी मध्याकडे असते, त्यामुळे वर आलेलं टोक खाली ओढलं जातं. लहान लघुग्रहांची ओढ तेवढी नसते, म्हणून ते वेडेवाकडे राहतात.

आता तो मोलाचा प्रश्न. कोणीच नव्हतं, मग कसं माहीत?

याचं पहिलं उत्तर दगडांत आहे. काही दगडांमध्ये युरेनियम असतं आणि ते ठरलेल्या संथ गतीने शिशात बदलत जातं. किती बदललं ते मोजलं, की किती काळ गेला ते काढता येतं. तिला सांगताना "काही दगडांच्या आत घड्याळ असतं, ते फार फार हळू चालतं" एवढं पुरे. क्लेअर पॅटरसन या शास्त्रज्ञांनी अशनींमधलं, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांमधलं, शिसं मोजून १९५६ साली पृथ्वीचं वय ४ अब्ज ५५ कोटी वर्षं असल्याचं प्रसिद्ध केलं. तो आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे. आकाशातलेच दगड का? कारण पृथ्वीने आपले पहिलेवहिले दगड वितळवून, घुसळून टाकले. तिच्या बांधणीच्या वेळी उरलेले काही दगड मात्र अंतराळात जसेच्या तसे फिरत राहिले. असाच उरलेला साठा मिळवण्यासाठी बेनू नावाच्या लघुग्रहावर यान पाठवलं होतं. २४ सप्टेंबर २०२३ रोजी तिथली सुमारे १२१ ग्रॅम माती पृथ्वीवर उतरली. चार अब्ज वर्षांपेक्षा जुनी मूठभर माती आणायला माणसांनी एवढ्या लांब यान पाठवलं, हे ऐकताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

दुसरं उत्तर मला त्याहून आवडतं. आपली पृथ्वी बनताना कोणी पाहिली नाही, पण दुसऱ्यांच्या पृथ्व्या बनताना आपण आज पाहतो आहोत. २०१४ साली चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी एचएल टॉरी नावाच्या एका कोवळ्या ताऱ्याचं चित्र टिपलं. वृषभ तारकासमूहातल्या त्या ताऱ्याभोवती धुळीची लखलखीत चकती आहे, आणि चकतीत एकात एक काळी कडी आहेत. बनणारे ग्रह आपल्या वाटेवरची धूळ ओढून घेतात, तेव्हा अशी कडी पडतात, असं मानलं जातं. त्या धडकेच्या व्हिडिओऐवजी हे एक स्थिर चित्र तिला दाखवा. त्याच्याकडे ती पाहिजे तेवढा वेळ बघू शकते, आणि त्यात आवाज नाही.

आणि मृग नक्षत्र वर असेल तेव्हा, अंधार असलेल्या जागी, तिला बाहेर घेऊन जा. बाणाचे तीन तारे ओळीत दिसतात. त्यांच्याजवळच तलवारीसारखी आणखी एक लहान ओळ आहे, तिच्या मध्यावर एक पुसट, धुरकट ठिपका असतो. साध्या डोळ्यांनी दिसतो, द्विनेत्रीतून फारच छान. तो वायूचा आणि धुळीचा ढग आहे आणि त्यात या घडीला तारे जन्मत आहेत. काही ताऱ्यांभोवती ग्रह घडवणाऱ्या चकत्या हबल दुर्बिणीने टिपल्या आहेत. "गोष्टीतला ढग असाच होता" हे सांगून झालं, की कसं माहीत या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिला मिळालेलं असतं.

भीतीचं काय करायचं? तुमच्या नवऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते त्या व्हिडिओपुरतं. विषय तिच्या वयाला झेपणारा आहे. ती दृश्यं, तो आवाज आणि झोपेच्या जवळची वेळ झेपणारी नव्हती. झोपताना "परत आदळेल का?" असं विचारणारं मूल बहुतेक वेळा "आपण नीट राहू ना?" असं विचारत असतं. म्हणून रात्री आधी तेवढंच सांगा: "नाही गं, आपण नीट आहोत, मी इथेच आहे." खगोलशास्त्र दुसऱ्या दिवशी उजेडात.

उजेडात मात्र "काहीच पडत नाही" असं सांगून वेळ मारून नेऊ नका. उद्या ती उल्का पाहील आणि तुमचा शब्द खोटा ठरेल. खरं कारण पुरेसं धीर देणारं आहे. पृथ्वी बनत होती तेव्हा तिच्या आजूबाजूला असंख्य गोळे एकमेकांच्या वाटेत फिरत होते. ते एकमेकांत मिसळले, सूर्यात पडले, नाहीतर लांब फेकले गेले. आता पृथ्वीच्या वाटेवर दुसरा ग्रह उरलेलाच नाही. बाकीचे ग्रह आपापल्या वाटेने फिरतात. अजूनही दर वर्षी हजारो टन अंतराळातली धूळ पृथ्वीवर येते, पण ती बहुतेक इतकी बारीक असते की आपल्याला पत्ताही लागत नाही. मोठ्या दगडांवर लक्ष ठेवणारी माणसं आहेत. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाने डार्ट नावाचं यान डायमॉर्फस या लहानशा लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, आणि शेजारच्या मोठ्या लघुग्रहाभोवतीची त्याची फेरी सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली. त्या लघुग्रहापासून आपल्याला धोका नव्हता, तो फक्त सराव होता. दगडाची वाट बदलता येते हे माणसांनी करून पाहिलं आहे, हे सहा वर्षांच्या मुलीला पटकन समजतं आणि आवडतंही.

ती थोडी निर्धास्त झाली की चंद्राचा भाग सांगा. बहुतेक शास्त्रज्ञांचं मत असं, की कोवळ्या पृथ्वीला मंगळाएवढा एक गोळा धडकला, दोघांचं वितळलेलं साहित्य वर उडालं, आणि पृथ्वीभोवती फिरता फिरता ते जमून चंद्र झाला. अपोलो मोहिमांनी चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली. तिच्यातल्या ऑक्सिजनच्या वेगवेगळ्या प्रकारांचं (समस्थानिकांचं) प्रमाण पृथ्वीवरच्या प्रमाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळतं. ज्या धडकेने ती घाबरली, तिच्यामुळेच आपल्याला चंद्र मिळाला, हे तिला चंद्र समोर असताना सांगा.

चुकीचं सांगितलं जाईल, या भीतीबद्दल. सोपं सांगणं आणि चुकीचं सांगणं यांत फरक आहे. "कण एकमेकांना ओढत होते" हे सोपं आहे. मोठेपणी त्यात भर पडेल, पण ते पुसावं लागणार नाही. "स्फोटातून पृथ्वी झाली", "एका दिवसात झाली", "झाडांना आणि प्राण्यांना राहायला जागा हवी म्हणून झाली" ही वाक्यं पुढे पुसावी लागतात, म्हणून ती टाळा. शेवटच्या वाक्यापाशी जरा जपून, कारण मुलांना ते स्वतःहून सुचतं. मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांच्या प्रयोगांत लहान मुलांनी टोकदार खडकांबद्दल सांगितलं होतं, की प्राण्यांना अंग खाजवता यावं म्हणून ते टोकदार असतात.

अब्जांचे आकडे एवढ्यात नकोत. क्रम द्या. ढग, सूर्य, पृथ्वी, समुद्र, डायनोसॉर, आजी, ती स्वतः, अशी चित्रं तिला काढू द्या आणि ओळीने लावू द्या. डायनोसॉर आणि आजी शेजारी शेजारी आले तर हसू नका, मध्ये रिकामे कागद लावायला सांगा. किती लावायचे यावर चांगली अर्धी दुपार जाते.

ज्यांची मुलं आठ-नऊ वर्षांची आहेत त्यांनी आकडे जरूर सांगावेत, आणि सोबत ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्स इथे सापडलेल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांबद्दलही. त्यातले सगळ्यात जुने कण सुमारे ४ अब्ज ४० कोटी वर्षांचे आहेत, आणि त्या काळीच पृथ्वीवर पाणी असावं अशा खुणा त्यांत आहेत. मग "पाणी आलं कुठून?" हा प्रश्न येतोच. काही पाणी पृथ्वी ज्या दगडांची बनली त्यांच्यातच होतं, काही लांबून आलेल्या लघुग्रहांनी आणलं असावं. धूमकेतूंनी आणलं असाही अंदाज होता, पण २०१४ साली रोझेटा यानाने ६७पी या धूमकेतूवरच्या पाण्याची जडणघडण तपासली, तर ती आपल्या समुद्रांपेक्षा वेगळी निघाली. कुणाचा वाटा किती, यावर अजून एकमत नाही. मुलांना हे असंच सांगा, आणि त्यांना काय वाटतं ते विचारा.